दोन हातांचा बॅकहँड पुन्हा पुन्हा का बिघडतो, आणि तो कुठून दुरुस्त करायचा

सरावात बॅकहँड, म्हणजे उजव्या हाताच्या खेळाडूचा डावीकडचा फटका, मस्त बसतो आणि मॅच सुरू झाली की तोच शॉट नेटमध्ये. मोठ्या वयात टेनिस धरलेल्या, हौसेनं क्लबवर खेळणाऱ्या मंडळींची ही कायमची तक्रार. मग कुणी फॉलो-थ्रू (फटक्यानंतरची रॅकेटची चाल) बदलतं, कुणी ग्रिप, कुणी थेट रॅकेटच. आठ-पंधरा दिवस बरं चालतं. नंतर एखादी अटीतटीची मॅच येते आणि बॅकहँड पुन्हा मूळपदावर.

माझं म्हणणं असं, की दुरुस्ती चुकीच्या जागी होते म्हणून हे दुखणं परततं. चेंडू नेटमध्ये गेला की आपण फटक्याच्या क्षणाकडे बोट दाखवतो: मनगट वळलं, हात आखडला, नजर उचलली गेली. हे सगळं झालेलं असतंही. पण ते होतं, कारण चेंडू आपल्या बाजूला टप्पा घेईपर्यंत खांदे वळलेलेच नसतात. उशीर झाला की उरलेल्या वेळात चेंडू कसाबसा पलीकडे ढकलायची घाई होते, आणि घाईत शरीर सवयीच्या हाताकडे, म्हणजे उजव्या हाताकडे धावतं. दोन हातांच्या बॅकहँडला नेमकं तेच मारक ठरतं. म्हणून आधी बघायच्या गोष्टी दोन, आणि त्याच क्रमानं: खांदे कधी वळले, आणि डावा हात काम करतोय का. बाकीच्या बऱ्याच चुका या दोन्हींच्या मागोमाग आपोआप जातात.

(सगळं उजव्या हातानं खेळणाऱ्यांसाठी लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलटी करून वाचावं.)

टप्प्याच्या वेळची एक फ्रेम

मोबाइल कोर्टाच्या डाव्या बाजूच्या जाळीला, साधारण तुमच्या बेसलाइनच्या (कोर्टाच्या मागच्या रेषेच्या) सरळीत, कमरेच्या उंचीवर अडकवा. स्लो मोशन लावा. बास्केटमधून मिळणारे सोपे चेंडू नकोत, खरी रॅली किंवा गुण मोजून खेळलेला गेम रेकॉर्ड करा. घरी आल्यावर प्रत्येक बॅकहँडला फक्त एकाच ठिकाणी व्हिडिओ थांबवा: चेंडू तुमच्या बाजूला टप्पा घेतो त्या क्षणी.

त्या फ्रेममध्ये छाती कॅमेऱ्याकडे दिसली पाहिजे. उजवा खांदा नेटकडे आलेला, हनुवटी त्या खांद्याच्या जवळ, रॅकेट मागे, डाव्या पायावर वजन. असं दिसत असेल तर वळणं वेळेवर आहे, पुढच्या भागाकडे जा. पण बहुतेकांच्या व्हिडिओत काय दिसतं? कॅमेऱ्याकडे नुसता डावा दंड, छाती अजून नेटकडे, रॅकेट पोटासमोर आडवी, दोन्ही पाय एका रेषेत. म्हणजे वळायचं, रॅकेट मागे न्यायची, पाय रोवायचा आणि मारायचं, ही चारही कामं टप्पा आणि फटका यांच्या मधल्या चिमूटभर वेळात उरकायची. सावकाश येणाऱ्या चेंडूवर ती उरकतातही, म्हणून सरावात काही जाणवत नाही. समोरच्यानं थोडा जोर लावला की उघडं पडतं.

उपाय साधा आहे, पण तो जिभेनं करायचा. समोरचा फटका मारतो त्या क्षणी दोन्ही पायांवर हलकी उडी, म्हणजे स्प्लिट स्टेप. चेंडू बॅकहँडला येतोय हे कळलं की लगेच खांदे वळवायचे आणि मोठ्यानं म्हणायचं, "वळलो". हा शब्द चेंडू नेट ओलांडायच्या आत तोंडातून निघाला पाहिजे. सरावात नियमच करा: शब्द उशिरा आला तर फटका कितीही सुंदर बसो, तो गुण हरला. मार्करला (क्लबवर सराव द्यायला ठेवलेल्या खेळाडूला) किंवा जोडीदाराला कान देऊन ऐकायला सांगा. सुरुवातीला कोर्टावर मोठ्यानं बोलायला संकोच वाटतो, शेजारच्या कोर्टावरचे वळून बघतात. बघू द्या. मनातल्या मनात म्हटलं की माणूस स्वतःला सवलत देतो.

आणखी एक गोष्ट. वळणं म्हणजे हात मागे नेणं असा अर्थ घेऊ नका. घरी आरशासमोर उभं राहून रॅकेट दोन्ही हातांनी छातीसमोर धरा आणि हात अजिबात न हलवता फक्त खांदे डावीकडे फिरवा. रॅकेट बघा कुठे गेली ते. मागे न्यायचं बहुतेक काम तेवढ्यात झालेलं असतं. आंद्रे अगासी किंवा नोव्हाक जोकोविच सर्व्हिस परतवतात त्याच्या चित्रफिती याच नजरेनं बघा: खांदे झटकन वळतात, हात मात्र शरीराजवळच राहतात. पुण्यात बालेवाडीला २०१८ ची एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची) स्पर्धा जिंकलेला फ्रान्सचा जील सिमाँ अंगानं अगदी किरकोळ, तरी त्याचा बॅकहँड भल्याभल्यांना जड जायचा. सगळी मदार वेळेवर. ताकद कमी आहे म्हणून माझा बॅकहँड कमकुवत, असं म्हणणाऱ्यांनी त्याचा खेळ जरूर बघावा.

डावा हात नुसता टेकलेला आहे का?

उजव्या हाताच्या खेळाडूचा दोन हातांचा बॅकहँड म्हणजे मुख्यतः डाव्या हाताचा फोरहँड. उजवा हात मुठीच्या टोकाला आधार देतो, रॅकेट वळवायला मदत करतो. चेंडूमागून रॅकेट रेटण्याचं काम डाव्याचं. हे ऐकलेलं सगळ्यांनी असतं, पण स्वतःचा डावा हात तपासलेला फार थोड्यांनी.

तपासणी अशी. सर्व्हिस लाइनवर (नेट आणि बेसलाइन यांच्या मधल्या रेषेवर) उभे राहा. बॅकहँडला डावा हात जिथे असतो तिथेच ठेवा आणि उजवा हात काढून पाठीमागे न्या. जोडीदाराला हातानं हलके चेंडू टाकायला सांगा आणि एकट्या डाव्या हातानं, फोरहँडसारखे, नेटपलीकडे मारा. दहातले सहा-सात नीट वर उचलले जाऊन पलीकडे पडले तर हात ठीक आहे. चेंडू फ्रेमला लागत असतील, वाकडेतिकडे उडत असतील, किंवा दहा चेंडूंत दंड भरून येत असेल, तर निदान झालं. तुमच्या बॅकहँडमध्ये डावा हात पाहुणा आहे आणि उजवा सगळं ओढतोय.

यात आपल्याकडच्या लोकांची एक खास अडचण असते. बहुतेकांचं बालपण गल्लीतल्या क्रिकेटमध्ये गेलेलं. उजव्या हाताच्या फलंदाजाचा डावा हात बॅटच्या मुठीवर वर असतो आणि उजवा खाली, पात्याजवळ. बॅकहँडला बरोबर उलटं: उजवा मुठीच्या टोकाला, डावा रॅकेटच्या डोक्याजवळ. म्हणजे वर्षानुवर्षं खेळलेल्या पुल आणि फ्लिकची इथे काडीची मदत होत नाही. उलट दोन हातांनी काही धरलं की उजवा हात हुकूम सोडायला लागतो. याच कारणानं, गोलंदाजी उजव्या हातानं पण फलंदाजी डावखुरी, असे जे लोक असतात, त्यांना दोन हातांचा बॅकहँड चटकन येतो. कोर्टावर मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. राफेल नदालचंही बघा, तो खेळायचा डाव्या हातानं, पण लिहितो उजव्यानं. त्याच्या बॅकहँडमध्ये रॅकेटच्या डोक्याजवळचा हात हा त्याचा जन्मजात चालता हात होता.

बॅडमिंटनकडून आलेल्यांचं दुखणं वेगळं. त्यांचं सगळं मनगटात. शटल जेमतेम ५ ग्रॅमचं, मनगटाच्या झटक्यानं उडतं. टेनिसचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा, म्हणजे दहापटीहून जड, आणि समोरून वेगानं आलेला. तिथे मनगट झटकलं की रॅकेटचं तोंड थरथरतं आणि एक चेंडू नेटमध्ये तर पुढचा मागच्या जाळीवर. या मंडळींना मी मनगट विसरायला सांगतो आणि पोट व खांदा फिरवायला लावतो. डाव्या हाताचा व्यायाम त्यांनाही तोच.

व्यायाम म्हणजे तरी काय, तपासणीच रोज करायची. सरावाच्या सुरुवातीला, अंग गरम झाल्यावर, थोडे चेंडू एकट्या डाव्या हातानं. मग उजव्या हाताची फक्त दोन बोटं मुठीला लावून थोडे. मग पूर्ण हात. तिसऱ्या टप्प्यावर उजव्या हाताची पकड मुद्दाम सैल ठेवायची. त्या वेळी अचानक चेंडूचा आवाज बदलतो, जाड आणि भरीव येतो. तो आवाज लक्षात ठेवा. पावसाळ्यात मातीची कोर्टं बंद असली तरी याला अडथळा नाही. छपराखालची एखादी भिंत आणि जुना चेंडू पुरतो. डाव्या हाताला पकड येण्यासाठी पावसाळ्याचे महिने खरं तर फार चांगले, कारण मॅच जिंकायची घाई नसते.

ग्रिप

थोडक्यात सांगतो, कारण ग्रिपवर लोक गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात. उजवा हात कॉन्टिनेंटल: रॅकेट कडेवर उभी धरून हातोडीसारखा खिळा ठोकायचा असेल तर जशी धराल तशी. डाव्या हातासाठी तळवा रॅकेटच्या तारांवर सपाट ठेवा आणि तसाच घसरवत मुठीपर्यंत आणा, जिथे बंद होईल ती ग्रिप. दोन हातांत फट नको, एकमेकांवर चढायलाही नकोत.

नेहमी दिसणारी चूक एकच: उजवा हात फोरहँडच्याच ग्रिपवर अडकून राहतो. मग रॅकेटचं तोंड आकाशाकडे उघडतं, ते सरळ करायला मनगट मुडपावं लागतं, आणि चेंडू तरंगत लांब जातो. वेळेवर वळलं तर ग्रिप बदलायला वेळ आपोआप मिळतो: डावा हात रॅकेट धरून मागे नेतो, तेवढ्यात उजवा मुठीवर फिरतो.

चेंडू जातो कुठे, त्यावरून ओळखा

डाव्या साइडलाइनच्या बाहेर जात असेल तर फटका उशिरा लागतोय; रॅकेटचं तोंड अजून डावीकडेच बघतंय. परत पहिल्या भागाकडे जा. क्रॉस कोर्ट, म्हणजे समोरच्या तिरक्या कोपऱ्यात, मारताना चेंडू उजवीकडे फारच आखूड आणि बाहेर जात असेल तर खांदे फटक्याआधीच नेटकडे उघडले. बहुधा नजरही समोरच्याकडे गेली. नेटमध्ये जात असेल तर दोन शक्यता. एक, रॅकेटचं डोकं चेंडूच्या खाली उतरलंच नाही, सरळ आडवी झाडली. दुसरी, आणि जास्त वेळा, गुडघे ताठ आहेत आणि कमरेतून वाकून खालचा चेंडू उचलायचा प्रयत्न चाललाय. सर्व्हिस लाइनच्या आत आखूड, बिनजोर पडत असेल तर डावा हात पाहुणा आहे, दुसरं कारण शोधू नका.

पाय आणि अंतर

चेंडू अंगाला चिकटून येतो, कोपरं बरगड्यांत अडकतात, ही तक्रार बऱ्याच जणांची. दोन हातांनी खेळताना पोच कमी असते, त्यामुळे एक पाऊल इकडेतिकडे झालेलं महागात पडतं. योग्य अंतर शोधायलाही डावा हातच कामाला येतो. एकट्या डाव्या हातानं मारताना चेंडू शरीरापासून जितका लांब आणि पुढच्या कमरेच्या जितका पुढे बरा वाटतो, दोन हातांनीही जवळपास तिथेच हवा.

आधी डावा पाय चेंडूच्या मागे रोवा, त्याच्यावर बसा, मग उजवा पाय पुढे टाका. पुढे म्हणजे नेटकडे तिरका. उजवा पाय डाव्याच्या समोरून थेट डाव्या जाळीकडे टाकणारे पुष्कळ आहेत. तसं केलं की कंबर कुलूप लागल्यासारखी बंद होते आणि मग फिरायला फक्त हात उरतात. लांब गेलेल्या चेंडूवर नाइलाजानं तसा पाय पडतो, ते ठीक. पण अंगावर आलेल्या चेंडूवरही तशीच सवय असेल तर ती मोडायला हवी. वेळ नसेल तर दोन्ही पाय बेसलाइनला समांतर ठेवून, डाव्या पायावर बसून मारणं केव्हाही बरं.

"त्यापेक्षा एका हातानं खेळू का?"

हा प्रश्न वैतागून विचारला जातो. रॉजर फेडररचा एका हाताचा बॅकहँड डोळ्यांसमोर असतो. माझं उत्तर स्पष्ट आहे: नको. एका हाताच्या बॅकहँडला चेंडू आणखी पुढे घ्यावा लागतो, म्हणजे उशिरा वळणाऱ्याला तो जास्तच छळणार.

दोन हात म्हणजे कमकुवतपणाची कुबडी, हा समज जुना आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिव्हियन मॅकग्रा यानं दोन हातांच्या बॅकहँडच्या जोरावर १९३७ मध्ये ऑस्ट्रेलियन अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा तो अपवादच होता. ख्रिस एव्हर्टनं लहानपणी एका हातात जोर पुरत नव्हता म्हणून दोन हात लावले, आणि पुढे तसेच ठेवले. मग १९७४ हे एक वर्ष बघा: जिमी कॉनर्सनं ऑस्ट्रेलियन, विम्बल्डन आणि अमेरिकन स्पर्धा जिंकल्या, ब्योन बोर्गनं फ्रेंच. पुरुषांच्या चारही मोठ्या स्पर्धा दोन हातांच्या बॅकहँडनं. त्याच वर्षी महिलांमध्ये एव्हर्टनं फ्रेंच आणि विम्बल्डन. तिथून पुढे सगळ्या जगभर मुलांना दोन हातांनीच शिकवायला लागले.

मात्र एका हाताचा स्लाइस, म्हणजे रॅकेट वरून खाली नेत चेंडू कापत मारलेला फटका, प्रत्येकाला आलाच पाहिजे. घोट्याशी आलेला चेंडू, पोचेबाहेर गेलेला चेंडू, खांद्याच्या वर उसळलेला चेंडू, यांच्यावर दोन हातांनी झुंजणं हट्टीपणाचं आहे. हुआन मार्टिन डेल पोट्रोच्या डाव्या मनगटावर २०१४ आणि २०१५ मध्ये शस्त्रक्रिया झाल्या. परतल्यावर दोन हातांनी जोर लावता येईना, तेव्हा बॅकहँडला बहुतांशी स्लाइस करत त्यानं २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पहिल्याच फेरीत जोकोविचला हरवलं आणि शेवटी रौप्यपदक नेलं.

मनगटाचा विषय निघालाच आहे तर: डाव्या मनगटात करंगळीच्या बाजूला दुखत असेल तर वरचे डाव्या हाताचे व्यायाम ताबडतोब थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञाला किंवा खेळाच्या फिजिओला दाखवा. दोन हातांनी खेळणाऱ्यांची ती नेहमीची दुखरी जागा आहे, आणि बाम चोळून खेळत राहिल्यानं चिघळते. व्यायाम सुरू करतानाही पहिल्या आठवड्यात हात राखून करा.

रॅकेटबद्दल एवढंच, की ती बदलायच्या आधी ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पातळ पट्टी) बदला. मुंबई-कोकणच्या दमट हवेत जुनी ओव्हरग्रिप निसरडी होते, मग निसटू नये म्हणून उजवा हात करकचून आवळला जातो आणि डावा पुन्हा पाहुणा. दोन्ही हात जिथे बसतात तिथपर्यंत ती गुंडाळलेली हवी. बऱ्याच जणांची डाव्या तळव्याच्या मध्यातच संपते.

सराव मॅचसारखा कसा करायचा

बास्केटमधून शंभर चेंडू एकाच जागी, एकाच उंचीला आले तर तुम्ही आधीच वळून उभे असता. म्हणजे जो भाग बिघडतो त्याचा सराव होतच नाही, जो आधीच चांगला आहे त्याचाच होतो. सरावात बसतो आणि मॅचमध्ये बसत नाही याचं कोडं हे एवढंच. मार्करला सांगा, फोरहँड-बॅकहँड असे मिसळून टाक, ठरवून नाही, मनाला येईल तसे. प्रत्येक फटक्यानंतर मध्यभागी परत यायचं. चेंडू निम्मे लागतील, पण उपयोग दुप्पट.

दुसरा खेळ जोडीदाराबरोबर: सर्व्हिस नाही, नुसता क्रॉस कोर्ट बॅकहँड, अकरा गुणांचा गेम, चेंडू सर्व्हिस लाइनच्या पलीकडे पडला तरच चालू. हार-जीत आली की हात आखडतात, आणि आखडलेल्या हातांनी खेळायची सवय इथेच करून घ्यायची.

मॅचमध्ये बॅकहँड ढासळायला लागला तर तंत्राचा विचार करू नका. क्रॉस कोर्ट खेळा. नेट मधोमध ३ फूट, खांबांपाशी साडेतीन. सिंगल्सचं कोर्ट सरळ ७८ फूट, तर कोपऱ्यातून कोपऱ्यात साडेब्याऐंशी. म्हणजे नेट सहा इंच खाली आणि जागा साडेचार फूट जास्त. डाउन द लाइनचा, म्हणजे बाजूच्या रेषेलगत सरळ मारण्याचा, मोह गेमात ४०-० असताना करावा. चेंडू नेटच्या हातभर वरून जाऊ द्या आणि प्रत्येक गुणाआधी स्वतःला एकच शब्द सांगा, "वळ".

आणि डबल्स खेळत असाल तर जोडीदाराला सांगून अ‍ॅडव्हान्टेजची बाजू, म्हणजे कोर्टाची डावी बाजू, मागून घ्या. बाहेर जाणारी जवळजवळ प्रत्येक सर्व्हिस बॅकहँडलाच येईल, आणि ती नेटवरच्या खेळाडूला टाळून क्रॉस कोर्टच परतवावी लागेल. बॅकहँड लपवायला लोक ती बाजू टाळतात. एक हंगाम तिथे उभं राहून बघा.